घडीच्या पायांचा ट्रे पुन्हा पुन्हा डगमगतोय? बोल्ट आवळण्याआधी हे तपासा

घरी केलेला लाकडी ट्रे पहिले पंधरा दिवस छान चालतो. मग त्याचे घडीचे पाय हलायला लागतात. पाना घेऊन बोल्ट आवळला की आठवडाभर बरं जातं, पुन्हा तेच. पावसाळ्यात तेच पाय एवढे गच्च होतात की दोन हातांनी ओढूनही उघडत नाहीत, आणि शिमगा आला की खुळखुळा. ही तक्रार मी आमच्या भागातल्या बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. आमच्याही घरात ती दीड वर्ष होती. त्या दीड वर्षात मी बोल्ट किती वेळा आवळला याची गणतीच नाही, आणि दर वेळी चूक तीच होत होती.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची. आईच्या दोन्ही गुडघ्यांची दुखणी वाढली, खाली बसणं बंद झालं, म्हणून पलंगावर बसून जेवता येईल असा ट्रे तिच्यासाठी केला. तसाच दुसरा धाकट्या बहिणीसाठी केला, ती अथणीला असते. एकाच वखारीतल्या सागवानाच्या पट्ट्या, एकच माप, एकाच आठवड्यात दोन्ही जोडले. आईचा पावसाळ्यात जाम झाला आणि बहिणीचा सहा महिन्यांत सैल झाला. तेव्हा वाटलं दोन वेगळ्या अडचणी आहेत. खरं तर दुखणं एकच होतं.

मार्चमध्ये एका दुपारी आईनं ताटातली भाकरी मोडायला हात दाबला आणि डावीकडचे पाय आत मिटले. आमटीची वाटी तिच्या मांडीवर उपडी झाली. आमटी कोमट होती म्हणून निभावलं. आई एवढंच म्हणाली, "राहू दे गं, मी हातात ताट धरून जेवतो की." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच 'जेवतो', 'येतो' म्हणतात. ते वाक्य मला आमटी सांडण्यापेक्षा जास्त लागलं. जेवण्यासाठी केलेल्या वस्तूवर जेवणाऱ्याचा भरवसा राहिला नाही, तर ती वस्तू करून उपयोग काय?

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून आमच्या ट्रेची मापं आधी सांगते. सुतारकामाला आपल्याकडे अजून इंच आणि सूतच चालतं (8 सूत म्हणजे 1 इंच), म्हणून तीच धरते. बाहेरून 24 इंच लांब, 14 इंच रुंद. चारी बाजूंच्या पट्ट्या 6 सूत जाड आणि अडीच इंच उंच. तळाला 6 मिलिमीटरचं प्लाय, ते पट्ट्यांच्या खाचेत बसवलेलं. तळाच्या वर 1 इंच कड राहते आणि खाली 10 सुतांची पोकळी, त्यात पाय मिटून बसतात. पायांच्या दोन चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत दोन पाय आणि त्यांना जोडणारी एक आडपट्टी. पाय 1 इंच रुंद, 6 सूत जाड, बोल्टच्या भोकापासून टोकापर्यंत 10 इंच. बोल्ट 6 मिलिमीटरचा, लांब पट्टीतून आत येऊन पायातून जाणारा. घरी केलेले बहुतेक ट्रे याच घडणीचे असतात, माप थोडंफार इकडे तिकडे.

पाय सैल आहे म्हणजे नक्की काय सैल आहे?

हे ओळखल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नका. ट्रे उघडून ओट्यावर ठेवा. एक हात ट्रेच्या कडेवर, दुसऱ्या हातानं एका पायाचं टोक धरा आणि ट्रेच्या लांबीच्या दिशेनं आत-बाहेर हलवा. त्याच वेळी एक बोट बोल्टजवळ, आतून जिथं पाय पट्टीला लागतो तिथं ठेवा. बोटाला टकटक लागली तर भोक मोठं झालंय. बोटाला काहीच लागत नाही आणि पाय मात्र हलतो, तर पाय ज्याला टेकून थांबायला हवा तो आधार लांब पडलाय. पाय रुंदीच्या दिशेनं, म्हणजे डावी-उजवीकडे डुलत असेल तर आडपट्टीचा सांधा सुटलाय. तो उकलून, जुना फेविकॉल खरवडून पुन्हा चिकटवायचा, एवढंच काम.

आमच्या ट्रेला पहिल्या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. दोन्हींच्या मुळाशी बोल्ट आवळणंच होतं.

बोल्ट आवळून पाय घट्ट का राहत नाही

आमच्या गल्लीत बैलहोंगलकडचे एक मिस्त्री राहतात. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात. ट्रे उलटा करून त्यांनी पाय दोनदा मिटला, दोनदा उघडला आणि म्हणाले, "अक्का, बोल्ट फिरायला असतोय. तुम्ही त्याला धरून बसायला सांगायलाय." मग अंगठा लाकडावर टेकवून म्हणाले, "कटगी उब्बतैत्री." लाकूड फुगतं.

लाकूड फुगतं हे आपल्याला दारांवरून माहीत असतं. किती फुगतं हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजायला घेतलं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, बदलतं ते रुंदीत आणि जाडीत. सागवान या बाबतीत सगळ्यांत शहाणं लाकूड, तरी त्यातला ओलावा दर एक टक्क्यानं वाढला की ते आडव्या अंगानं शेकडा 0.2 च्या आसपास फुगतं. कोरड्या मार्चपासून भर जुलैपर्यंत लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी सहज बदलतो. आता बोल्टकडे बघा. त्याच्या डोक्यापासून नटापर्यंत काय आहे? 6 सूत जाडीची पट्टी आणि 6 सूत जाडीचा पाय, म्हणजे दीड इंच, 38 मिलिमीटर लाकूड. ते वर्षाकाठी 0.4 मिलिमीटरच्या आसपास जाड-बारीक होतं.

0.4 मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा आटा 1 मिलिमीटरचा असतो. नट पूर्ण एक फेरा फिरवला की तो 1 मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे लाकडाच्या त्या फुगण्या-आटण्यानं नट जवळपास पाव ते अर्धा फेरा आवळल्यासारखा किंवा सोडल्यासारखा होतो, आणि पान्याला कुणी हातही लावलेला नसतो. मार्चमध्ये बोल्ट बरोबर आवळला असेल तर जुलैमध्ये तो पाय चिरडतो. जुलैमध्ये बरोबर असेल तर मार्चमध्ये सैल.

त्यातही वाईट गोष्ट पुढे आहे. जुलैमध्ये फुगायला जागा नसते, तेव्हा वायसरखालचे लाकडाचे तंतू दबतात, आणि एकदा दबले की परत वर येत नाहीत. पाऊस संपून लाकूड सुकलं की पूर्वीपेक्षाही जास्त फट पडते. आपण परत आवळतो. पुढच्या पावसाळ्यात तंतू आणखी दबतात. आईचा ट्रे उकलला तेव्हा वायसरचा गोल छाप लाकडात नखाची कड बसेल इतका खोल गेला होता. आणि एवढ्या आवळून ठेवलेल्या बोल्टभोवती पाय रोज दोनदा फिरवला की बोल्टचे आटे कानशीसारखे भोक खरवडतात. भोकातून बारीक तपकिरी भुकटी पडत असेल तर हेच चाललंय असं समजा.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच जाणवतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत. अथणी, रायबाग त्याच जिल्ह्यात, पण तिकडे कोरडं. मी खानापुरात ऑगस्टच्या शेवटी ट्रे जोडला, लाकूड ओलाव्यानं टम्म फुगलेलं होतं. तो अथणीला गेला, तिथं आटला आणि सैल पडला. आईचा ट्रे खानापुरातच राहिला. उन्हाळ्यात सैल झाला म्हणून मी मे महिन्यात नेट लावून आवळला आणि जुलैमध्ये तो जाम झाला. ट्रे एका ठिकाणी करून दुसरीकडे पाठवायचा असेल, विशेषतः घाटाकडून पूर्वेकडे, तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

बोल्ट लाकडाला नाही, बुशला आवळायचा

यावरचा इलाज साधा आहे. पायाच्या भोकात पितळेची छोटी नळी घालायची. तिला बुश म्हणतात. आतून 6 मिलिमीटरचा बोल्ट सरळ जाईल, बाहेरून 8 मिलिमीटर. नळीची लांबी पायाच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त हवी. मग बोल्ट आवळला तरी तो नळीच्या तोंडावर बसतो, पायाच्या लाकडाला चिमटत नाही, आणि पाय नळीसकट बोल्टभोवती मोकळा फिरतो. धातूवर धातू असल्यामुळे भोकही झिजत नाही.

पितळेची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. लोखंड कापायच्या बारीक दात्यांच्या करवतीनं चार तुकडे कापा आणि तोंडं कानशीनं सपाट करा. चारही तुकडे काचेवर उभे करून शेजारी शेजारी लावून बघा, उंची सारखी दिसली पाहिजे. बेळगावात राहणाऱ्यांनी उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडे माप लिहून दिलं तर तो नळ्या नीट कातून देईल. मी घरीच कापल्या, एका संध्याकाळचं काम होतं.

भोक आधीच झिजून मोठं झालं असेल तर त्यात बुश सैल बसेल. अशा वेळी भोक 12 मिलिमीटरचं करून त्यात त्याच जातीच्या लाकडाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी नेमक्या मध्यावर 8 मिलिमीटरचं नवं भोक पाडायचं. खुंटीचे तंतू पायाच्या तंतूंच्या दिशेनं नाहीत, आडवे येतात, त्यामुळे चिकटायला थोडं कमी पडतं. म्हणून खुंटी सैल नको, हातोडीचे दोन-चार हलके ठोके खाऊन बसेल अशी हवी. काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात कोंबायचा उपाय मीही केला आहे. महिनाभर टिकतो. जिथं कुणाचं गरम जेवण ठेवायचंय तिथं तो नको.

नट साधा घेऊ नका. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट घ्या. पाय फिरतो तसा साधा नट रोज थोडा थोडा उलटा फिरत जातो, नायलॉक जागेवर राहतो. नट बुशवर टेकेपर्यंत आवळा आणि पाव फेरा मागं घ्या. पाय स्वतःच्या वजनानं खाली लोंबायला हवा. पहिल्यांदा हे बघून तुम्हाला वाटेल, हा तर पूर्वीपेक्षाही सैल झाला! वाटू द्या. पाय उभा धरायचं काम आता बोल्टकडे नाहीच.

मग पाय उभा कशावर राहणार?

हा भाग समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

पाय आतल्या बाजूला मिटतो. उघडताना तो बाहेर जातो आणि आखूड पट्टीला टेकून थांबतो. तो जिथं थांबतो तिथं बरोबर ओळंब्यात उभा असेल, किंवा केसभर आत झुकलेला असेल, तर वरून पडणारा भार त्याला आत ढकलतो. आईनं भाकरी मोडताना हात दाबला तेव्हा हेच झालं. बोल्टची पकड होती तोवर पाय थांबला होता. पकड गेली आणि मिटला.

पाय थोडा बाहेर फाकलेला असेल तर तोच भार त्याला आणखी बाहेर, म्हणजे पट्टीवर दाबतो. जितकं वजन जास्त, तितका पाय आधाराला चिकटून बसतो. घडीच्या शिडीचे पाय फाकलेले असतात, तेही असंच. ट्रेच्या 10 इंची पायाला 5 अंशांचा कल पुरतो. म्हणजे पायाचं टोक बोल्टच्या ओळंब्यापासून 7 सूत बाहेर पडलं पाहिजे. दोऱ्याला एक नट बांधा, बोल्टच्या डोक्यावरून सोडा आणि खाली पट्टीनं मोजा.

नवीन करत असाल तर आखूड पट्टीच्या आतल्या अंगापासून बोल्टचं भोक साडेचार सुतांवर आणि तळाच्या प्लायच्या खाली 5 सुतांवर घ्या. पायाचं वरचं टोक बोल्टभोवती 4 सुतांच्या त्रिज्येनं गोल करा. म्हणजे तो फिरताना प्लायला घासत नाही आणि कलही आपोआप 5 अंशांचा येतो. ट्रे तयार असेल आणि पाय ओळंब्यातच थांबत असतील तर आखूड पट्टीच्या आतल्या अंगाची खालची कड पटाशीनं अर्धा सूत तिरकी छिलून घ्या. एकदम नाही. दोन-दोन छिलके काढायचे, पाय उघडायचा, ओळंबा लावायचा. पटाशीला नुकती धार लावलेली हवी, बोथट पटाशीनं कडेचा ढलपाच निघतो. माझा एकदा निघाला. जास्त छिललं गेलं आणि पाय फारच फाकला, तर त्या जागी सनमायकाचा तुकडा चिकटवा. 1 मिलिमीटर जाडीचा तुकडा टोकाला 16 मिलिमीटर आत आणतो.

हा 16 चा हिशोब कुठून आला? बोल्टपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत, जिथं पाय टेकतो, अंतर फक्त 5 सूत. बोल्टपासून पायाच्या टोकापर्यंत 10 इंच, म्हणजे 80 सूत. सोळापट. टेकायच्या जागी अर्ध्या मिलिमीटरची फट पडली तर खाली टोक 8 मिलिमीटर हलतं. अर्धा मिलिमीटर तर नुसत्या हवामानानं येतो-जातो! तुमचा ट्रे कितीही चोख केलेला असला, पायांचा आधार फक्त त्या 5 सुतांवर असेल तर तो कधी ना कधी डगमगणारच. तुमच्या हाताला दोष देऊ नका.

म्हणून आधार बोल्टपासून लांब न्यायचा. मी तिरकी पट्टी लावली. पायांच्या चौकटीची आडपट्टी बोल्टपासून 3 इंच खाली आहे. ट्रेच्या तळाला, बोल्टच्या रेषेपासून 4 इंच आत, मधोमध एक लहान ठोकळा फेविकॉलनं चिकटवला आणि वरून प्लायमधून दोन बारीक स्क्रू मारले. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडवून वर लांबी (पुट्टी) भरली, नाहीतर वाटी अडखळते. त्या ठोकळ्याला एका छोट्या बिजागरीनं साडेपाच इंचांची पट्टी अडकवली. पाय उघडल्यावर ही पट्टी तिरकी खाली येते आणि तिच्या टोकाजवळची खाच आडपट्टीवर बसते. खाच खाली तोंड करून असल्यामुळे पट्टी स्वतःच्या वजनानं बसून राहते. मिटताना बोटानं वर उचलायची, पाय आत घ्यायचा आणि पट्टी दोन पायांच्या मधल्या जागेत पाडून ठेवायची.

आता आधार 5 सुतांऐवजी 3 इंचांवर आला. तेवढीच अर्ध्या मिलिमीटरची फट टोकाला दोन मिलिमीटरही हलवत नाही. शिवाय पाय आत मिटायलाही अडतो, कारण खाच दोन्ही बाजूंनी धरते. ज्या घरात ट्रेवर म्हातारं माणूस किंवा लहान मूल जेवतं, तिथं ही पट्टी नसलेला ट्रे मी तरी देणार नाही. बाजारात लोखंडाची घडीची पट्टी मिळते, तीही चालते. पण 10 सुतांच्या पोकळीत मावणारी शोधावी लागते आणि आमच्या पावसात ती गंजते.

खाच किती रुंद? आडपट्टीच्या जाडीपेक्षा एक पोस्टकार्ड आत सरकेल एवढीच जास्त. इथं घट्ट करायचा मोह होतो. जुलैमध्ये आडपट्टी फुगली की घट्ट खाच बसतच नाही, मग ती वर नुसती टेकून राहते आणि आपल्याला वाटतं बसली. बसली की 'टक्' असा आवाज यायला हवा. आई आता तो आवाज ऐकल्याशिवाय ताट ठेवू देत नाही.

पावसाळ्यात पाय उघडत नसतील

बुश घातल्यावर निम्मं काम झालेलंच असतं. तरी गच्च असेल तर चौकटीची बाहेरची रुंदी आणि ट्रेची आतली रुंदी मोजा. दोन्हीत निदान एक सुताचा फरक हवा, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा सूत, आणि ती जागा नायलॉनच्या पातळ वायसरनं भरायची. फरक कमी असेल तर पाय बाहेरच्या अंगानं रंध्यानं उतरवा. पण जुलैमध्ये नका उतरवू! फुगलेलं लाकूड तासलं की मार्चमध्ये खुळखुळा ठरलेला. तोवर मेणबत्ती घासून काम भागवा आणि दसऱ्यानंतर रंधा हातात घ्या.

तळाला प्लायऐवजी सागवानाच्या अखंड फळ्या घातल्या असतील तर बघा, त्या खाचेत चिकटवलेल्या तर नाहीत ना? साडेबारा इंच रुंदीची सागवानी फळी वर्षभरात 3 मिलिमीटर सहज पुढे-मागे होते. चिकटवलेली असली तर ती लांब पट्ट्या बाहेर ढकलते, कोपरे उघडतात आणि त्याबरोबर बोल्टची भोकंही तिरकी होतात. अशा ट्रेचे पाय दुरुस्त करून उपयोग नाही, आधी तळ मोकळा करा. फळी खाचेत कोरडी बसवायची आणि दोन्ही बाजूंना एकेक सूत जागा सोडायची. प्लायला ही अडचण नाही, ते चिकटवलं तरी चालतं. मात्र बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) किंवा आयएस 710 या मानकाचं मरीन प्लाय घ्या. साधं एमआर (फक्त दमटपणाला टिकणारं) प्लाय ओल्या फडक्यानं रोज पुसलं की एकदोन पावसाळ्यांत कडेनं उकलायला लागतं.

एक पाय वर राहतो

ट्रे शहाबादी फरशीवर ठेवून कधी तपासू नका, फरशीच सपाट नसते. स्वयंपाकाच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. डगमगला तर ट्रे अर्धा फेरा फिरवून ठेवा. तोच पाय परत वर राहिला तर दोष ट्रेचा. दुसरा राहिला तर ओट्याचा.

बहुतेकदा पाय आखूड नसतो, भोकं एका रेषेत नसतात. दोन्ही लांब पट्ट्या एकमेकींवर ठेवून, शिकंजात आवळून एकदमच भोक पाडलं असतं तर हे होत नाही. चारही पायांचंही तसंच. आता झालंच असेल तर पाय कापून समान करा, पण अंदाजानं एकेक पाय कापत बसू नका, त्यात ट्रे बुटका होत जातो आणि डगमगणं तसंच राहतं. ट्रे ओट्यावर ठेवा, आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून तो स्थिर करा. चारही कोपऱ्यांतून ओट्यापासून तळापर्यंतची उंची सारखी आहे का ते मोजा. मग एक सपाट लाकडी चिपळी घ्या, तिची जाडी सगळ्यांत मोठ्या फटीपेक्षा थोडी जास्त हवी. तिच्यावर पेन्सिल आडवी ठेवून ती ओट्यावरून सरकवत चारही पायांना चारी बाजूंनी रेघ मारा. त्या रेघेवर बारीक दात्यांच्या करवतीनं कापलं की चारही टोकं एका पातळीत येतात, आणि पाय फाकलेले असल्यामुळे टोकाला जो तिरका छेद लागतो तोही आपोआप मिळतो.

पाय मिटल्यावर मध्ये एकमेकांवर चढत असतील तर ते लांबीचं गणित चुकलंय. बोल्ट ते बोल्ट जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून पाय थोडा कमीच हवा. आमच्या ट्रेत ते अंतर 21 इंच 3 सूत आहे, म्हणून 10 इंचांचे दोन पाय मिटून मध्ये इंचभराहून जास्त जागा उरते. कुणाला उंच ट्रे हवा असेल तर एक चौकट अरुंद करून ती दुसरीच्या आत मिटवावी लागते. तशा ट्रेची एक बाजू अरुंद पायांवर उभी राहते आणि कोपऱ्यावर हात पडला की कलंडते. पलंगावर बसून जेवायला पावणेअकरा इंच उंची पुरते, आमच्या आईच्या मांड्या त्याखाली आरामात जातात.

बिजागऱ्यांवर पाय बसवलेला ट्रे असेल आणि स्क्रू सारखे उपटत असतील, तर स्क्रू लाकडाच्या टोकाच्या छेदात मारलेले आहेत का ते बघा. तिथं आटे तंतूंना धरत नाहीत, तंतूंच्या मधून शिरतात. पायातून आडवी एक 10 मिलिमीटरची खुंटी ठोकून घ्यायची आणि स्क्रू त्या खुंटीत मारायचे. मग धरतात.

पॉलिशचं एवढंच सांगते की चपड्याचं (लाखेचं) पॉलिश इथं करू नका. गरम चहाच्या कपानं त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं. पीयू किंवा मेलामाइन करा, आणि ते वरच्या दर्शनी अंगाला दोन हात आणि खाली काहीच नाही असं नको. ओलावा सगळ्यांत जास्त शिरतो तो लाकडाच्या टोकाच्या छेदातून. पायांची टोकं, पट्ट्यांची टोकं आणि बोल्टच्या भोकांच्या आतला भाग, तिथं कापसाच्या बोळ्यानं तीनदा पॉलिश द्या. पायांच्या टोकांना रबरी बूट बसवताना बुटाच्या तळाला एक लहान भोक पाडा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथंच साचून राहतं.

काम झालं की लगेच जेवायला देऊ नका. ट्रे उघडा, खाचा बसवा आणि वर 10 किलो तांदळाची पिशवी रात्रभर ठेवा. सकाळी ती न उचलता ट्रेच्या कोपऱ्यावर तळहातानं दाब द्या, जसा भाकरी मोडताना पडतो तसा, थोडा तिरका. मग चारही कोपऱ्यांवर. आईचा ट्रे या दाबाला आता जागचा हलत नाही. बहिणीच्या ट्रेला बुश मी गेल्या दिवाळीत अथणीला जाऊन घातले, तिरकी पट्टी अजून एकाच बाजूला बसली आहे. दुसऱ्या बाजूची बिजागरी आणि ठोकळा तयार करून पिशवीत ठेवलाय, पुढच्या खेपेला घेऊन जायचा आहे.